नागपूरच्या उन्हाळ्यात अ‍ॅनालॉग एफएम: दोन व्हीसीओ वापरल्यावरचा अनुभव

दिवाळीत दोन युरोरॅक (रॅकमध्ये बसणारे छोटे सिंथ मॉड्यूल) व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजनं सूर बदलणारे ऑसिलेटर, घेतले, आता मे चालू आहे, त्यामुळे हिवाळा आणि नागपूरचा उन्हाळा दोन्ही पाहून झाले. पहिला ३३४० चिपवाला साधा, दुसरा थ्रू-झिरोवाला (म्हणजे काय ते पुढं येतं), जरा महाग. आवाज दोघांचाही मस्त, त्यावर वेळ घालवत नाही. मी घेतले होते फक्त एफएमसाठी, म्हणजे एका ऑसिलेटरनं (मॉड्युलेटर) दुसऱ्याची (कॅरिअर) फ्रिक्वेन्सी वेगानं हलवायला, तर त्याचंच सांगतो.

पहिल्याला एफएमचे दोन इनपुट आहेत, एक्स्पोनेन्शियल आणि लिनिअर, आणि बहुतेक लोक दिसेल त्यात केबल खुपसतात आणि मग म्हणतात सूर हलून राहिला. हलणारच ना भाऊ! एक्स्पोनेन्शियलमध्ये १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. २०० हर्ट्झच्या सुराला वर-खाली १ व्होल्टची साइन दिली की वर ४०० पर्यंत जाणार आणि खाली १०० पर्यंत, म्हणजे वर २०० चा फरक आणि खाली फक्त १०० चा, सरासरी काढली तर २२५ च्या आसपास येते. दोन सेमीटोन वर. सा लावला होता तो शुद्ध रे झाला, आणि डेप्थचा (एफएम किती द्यायचं तो) नॉब अजून फिरवला की अजून वर. त्यामुळे हा इनपुट मी आता व्हायब्रेटो, सायरन आणि ड्रमसाठीच ठेवलाय, तिथं एन्व्हलपनं (नोटसोबत चढून उतरणारा व्होल्टेज) पिच घसरवला की ठोका जबर येतो.

सुरात वाजवायचं तर लिनिअर. तिथं हर्ट्झमध्ये वर जितकं तितकंच खाली, म्हणून मधला सूर जागेवर राहतो. कॅरिअर २०० आणि मॉड्युलेटर ४०० ठेवला की साइडबँड (एफएममुळे तयार होणारे जास्तीचे सूर) २००, ६००, १००० असे २०० च्या फक्त विषम पटीत येतात, लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटसारखा पोकळ आवाज, मला फार आवडतो. मॉड्युलेटर आणि कॅरिअरचा रेशो १.४ च्या आसपास नेला की घंटा. माझ्यावाल्याचा लिनिअर इनपुट एसी कपल्ड आहे, म्हणजे स्थिर व्होल्टेज (डीसी) अडवतो, मॉड्युलेटरमध्ये डीसी असला तरी तो सूर सरकवत नाही, पण त्याच कारणानं तिथं हळू एलएफओ (संथ चालणारा ऑसिलेटर) लावला तर काहीच ऐकू येत नाही, खराब आहे म्हणून परत पाठवू नका.

पण साध्या लिनिअरची खरी अडचण वेगळी आहे. २०० च्या कॅरिअरला २०० पेक्षा जास्त खाली ओढता येत नाही, कोर (ऑसिलेटरचा लाट बनवणारा भाग) शून्यावर थांबतो, आणि खालचा भाग कापला गेला की सरासरी वर जाते, म्हणजे परत सूर चढतो. आणि मॉड्युलेटर ४०० असला तर इंडेक्स (कॅरिअर जितके हर्ट्झ हलतो ते भागिले मॉड्युलेटर) ०.५ लाच भिंत लागते बाप्पा, म्हणून साधं लिनिअर एफएम मिळमिळीत वाटतं. थ्रू-झिरोवाला शून्य ओलांडून लाट उलटी चालवतो, सूर तिथंच आणि आवाज मात्र भरत जातो. पैसे इथंच वसूल. संगीतकार जॉन चाऊनिंगनं स्टॅनफर्डला १९६७ मध्ये एफएमचे आवाज शोधले ते कॉम्प्युटरवर, १९८३ चा यामाहा डीएक्स७ सिंथ पण डिजिटल, तिथं ही भानगडच नव्हती (आणि तो तर आतून फेज मॉड्युलेशन करतो, फ्रिक्वेन्सीऐवजी लाटेची फेज हलवतो). ते आवाज साध्या व्हीसीओवर शोधत बसू नका.

आता उन्हाळा. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरचा (व्होल्टचं सप्तकात रूपांतर करणारा भाग) ट्रान्झिस्टर तापमानाला हलतो, एका अंशाला साधारण ०.३३ टक्के, म्हणजे कॉम्पेन्सेशन (तापमानाची भरपाई) नसेल तर १० अंशांच्या फरकात ४ सप्तकं वरचा सूर दीडेक सेमीटोन चुकतो. ३३४० मध्ये कॉम्पेन्सेशन आत आहे, बराच टिकतो, पण एफएमला "बराच" पुरत नाही, कारण इथं दोघांमधला रेशो मोजला जातो. ४०० चा मॉड्युलेटर ४०१ झाला की प्रत्येक साइडबँड जोडीदाराशी भांडतो आणि सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. दुपारी बंद खोलीत ट्यून केलं आणि मग कूलर लावला की हेच होतं. पॅडला छान वाटतं, बेसला नाही. मी आता कूलर आधीच लावून ठेवतो, अर्धा तास गरम होऊ देतो, मग ट्यून, आणि बेस असला तर मॉड्युलेटर सरळ कॅरिअरला हार्ड सिंक करतो, म्हणजे कॅरिअरच्या प्रत्येक फेरीला मॉड्युलेटरची लाट पुन्हा सुरू होते. टिंबर (आवाजाचा पोत) थोडं बदलतं पण हेलकावा गायब.

मधे व्हीसीए (व्होल्टेजनं सिग्नल कमी-जास्त करणारा मॉड्यूल) लागतोच, इंडेक्सला एन्व्हलप दिल्याशिवाय एफएम मेलेलं वाटतं, तेव्हा बजेटमध्ये तो धरा.

साधा घेऊ की थ्रू-झिरो? घंटा, धातूचे आवाज, खोल एफएम पाहिजे असेल तरच दुसरा. बेस आणि लीडला थोडी खरखर द्यायची तर साध्याचा लिनिअर इनपुट पुरतो. सेकंड हँड घेत असाल तर विकणाऱ्याला सांगा, ट्यूनर लावून मॉड्युलेटर-कॅरिअर २:१ वर ट्यून कर, लिनिअर इनपुटची डेप्थ हळूहळू वाढव आणि त्याचा व्हिडिओ पाठव. सुरुवातीलाच सूर सरकून राहिला असेल तर भाव पाडून मागा.