दुबईचा बायर, तीस टक्के ॲडव्हान्स आणि सरेंडर केलेलं बीएल

निर्यात शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या अनेक क्लासमध्ये देश कसा निवडायचा, बायर कसा शोधायचा हे तक्ते काढून शिकवतात. ज्याची सरकारी फी 500 रुपये आहे तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड नंबर, काढून द्यायचे काही हजार घेतात, आणि शेवटच्या तासाला ‘व्हेरिफाइड बायर’ची एक्सेल फाइल विकतात. पैसे येईपर्यंत मालाचा ताबा कोणाकडे राहणार, हा सगळ्यात मोठा निर्णय मात्र दहा मिनिटांत उरकतात. फसवणूक होते ती तिथेच. नाशिककडचा कांदा दुबईला पाठवणाऱ्या नवख्याला लावायचा सापळा तर जवळजवळ ठरलेलाच आहे.

पहिला कंटेनर स्वच्छ जातो. 28 टन कांदा, किलोला 30 रुपये धरले तर 8,40,000. बायर 30 टक्के, म्हणजे 2,52,000 आगाऊ पाठवतो आणि उरलेले 5,88,000 जहाज लागायच्या आत. दुसराही तसाच. मग रमजानची मागणी आली म्हणून एकदम पाच कंटेनर, आणि ‘आता तर ओळख झाली’ म्हणून ॲडव्हान्स 10 टक्के. माल 42 लाखांचा, हातात 4,20,000. पहिल्या दोन खेपांचे चोख पैसे हे त्याच्या धंद्याचं भांडवल होतं, एवढंच.

आता बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग: शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, जी दाखवणाऱ्याला माल मिळतो. न्हावाशेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर चार-पाच दिवसांवर. बँकेमार्फत पाठवलेले कागद त्यापेक्षा जास्त दिवस खातात, त्यामुळे जहाज आधी आणि कागद मागून. मग फोन येतो: “भाई, माल गरम हो रहा है. बीएल सरेंडर करा, बॅलन्स उद्या टाकतो.” यातलं पहिलं वाक्य बरेचदा खरं असतं, आणि माणूस त्यालाच बळी पडतो. बीएलचे तिन्ही ओरिजिनल मुंबईत शिपिंग लाइनकडे जमा केले की तिकडे कागदाशिवाय डिलिव्हरी मिळते. विश्वास बसावा म्हणून स्विफ्टची, म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवल्याच्या संदेशाची, पीडीएफ पाठवतात. अशी पीडीएफ घरबसल्या बनते. रक्कम जमा झाल्याचं आपली बँक सांगत नाही तोवर ती रद्दी.

दुसरी फट एफओबीची, म्हणजे जहाजभाडं बायरने भरायच्या सौद्याची. फॉरवर्डर, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था करणारा एजंट, बायरने नेमलेला असतो आणि तो आपल्याला हाऊस बीएल, म्हणजे स्वतःचं बीएल, देतो. शिपिंग लाइनच्या मूळ, म्हणजे मास्टर बीएलवर कन्साइनी (माल घेणारा) म्हणून त्याच फॉरवर्डरचा दुबईतला एजंट असतो. त्याने माल सोडायचं ठरवलं, तर आपल्या तिजोरीतले कागद तिथेच राहतात आणि कांदा अल अवीरच्या बाजारात विकून होतो. म्हणून नवा बायर असेल तर सीएफआर (भाडं आपण भरायचं) किंवा सीआयएफवर (भाडं आणि विमा दोन्ही आपले) जावं, फॉरवर्डर आपला घ्यावा, मास्टर बीएल पाठवणारा म्हणून आपल्या नावाने आणि ‘टू ऑर्डर’, म्हणजे घेणाऱ्याचं नाव न बांधता, काढावं. तसं असेल तर बायर फिरला तरी माल दुसऱ्याकडे वळवता येतो.

ॲडव्हान्स किती, हे बायरच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नसतं. जहाजभाडं, बंदरात आठवडाभर अडकल्यास डिमरेज (उशिराचा आकार) व रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, वीजभाडं, आणि घाईत दुसऱ्याला विकताना पडणारा भाव, या तिन्हींची बेरीज हा किमान आकडा. कांद्यासारख्या मालाला तो 10 टक्क्यांत बसणं अवघडच.

पोस्ट-डेटेड चेकवर तर अजिबात विसंबू नये. ‘तिकडे चेक बाउन्स झाला की जेल’ हे जुनं ज्ञान झालं. 2 जानेवारी 2022 पासून यूएईत केवळ शिल्लक नसल्याने न वटलेला चेक बहुतेक प्रकरणांत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. वसुलीसाठी थेट अंमलबजावणी न्यायालयात जाता येतं, पण कंपनीच्या नावावर भाड्याचं टेबल आणि दोन खुर्च्याच असतील तर वसूल काय करणार?

ट्रेड लायसन्सवर स्थापनेचं साल बघून थांबू नका. दहा वर्षांची कंपनी विकत घेऊन तिच्या नावावर उधार उचलायची आणि गाशा गुंडाळायचा, हा जुना धंदा आहे. भागीदार कधी बदलले ते विचारा. निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवणाऱ्या सरकारी ईसीजीसीकडे त्या बायरवर उधारीची मर्यादा मागा. मंजूर झाली नाही किंवा अगदी किरकोळ मिळाली, तर तेच उत्तर समजा. विमा घेतला तरी थकबाकी मुदतीत कळवली नाही तर दावा अडकतो, आणि नेमकं तेव्हाच बायर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत असतो.

संशय आला त्या तासाला लाइनच्या मुंबई ऑफिसला आणि फॉरवर्डरला, दोघांनाही, बीएल व कंटेनर नंबरसकट डिलिव्हरी थांबवण्याचा ईमेल करा. सरेंडर झालेलं असलं तरी डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचा लाइनचा आदेश, निघेपर्यंत कधीकधी वाव असतो. दुबईत शुक्रवारी दुपारनंतर बरीच ऑफिसं बंद होतात. सरेंडरसाठीचा तगादा गुरुवारी संध्याकाळी का वाढतो, तेही त्यावरून कळेल.