नागावच्या टाकीला इपॉक्सी: एकदा फसून, एकदा नीट

पूलसाठीचा दोन डब्यांचा इपॉक्सी रंग. पहिल्या वेळी एक तारा, दुसऱ्या वेळी चार. कंपनी तीच, रंग तोच.

नागावला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि मागे पोफळीत २५ बाय १२ फुटांची पोहण्याची टाकी आहे. सासरे तिला हौदच म्हणतात. जुना निळा रंग विटला, म्हणून दुकानदाराने सांगितलेला इपॉक्सी आणला. रंगाऱ्याने वरवर घासून मारला. पहिला पावसाळा सरला नाही तोच हाताएवढे पापुद्रे निघायला लागले. मी दुकानात जाऊन तावातावाने भांडून आले.

पुढच्या मिस्त्रीने काही न बोलता पांढरी चिंधी झायलीनमध्ये (रंग विरघळवणाऱ्या थिनरसारख्या द्रवात) भिजवली आणि जिथे जुना रंग उघडा पडला होता तिथे दाबून धरली. चिंधी निळी झाली, रंग चिकट मऊ. "वहिनी, खाली क्लोरिनेटेड रबरचा जुना रंग हाय. त्याच्यावर इपॉक्सी धरनार कसा?" मग सिमेंट दिसेपर्यंत ग्राइंडर. चार दिवस केळीच्या पानांवरसुद्धा निळी धूळ. त्यावर ॲसिड, मग धुण्याचा सोडा, मग पाणीच पाणी.

खरी परीक्षा वाळवण्याची. तळाला हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवलं, सकाळी आतून घाम सुटलेला. चार दिवसांनी तेच प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा डबा उघडला. हे सगळं फेब्रुवारीत बरं का. पावसाळ्यात आमच्याकडे टाकी रिकामी करायची नाही. जमिनीतलं पाणी वर चढतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाते किंवा तडकते.

हार्डनर, म्हणजे दुसऱ्या डब्यातलं रंग कडक करणारं रसायन, मिसळला की डबा हाताला गरम लागायला लागतो. पोरं अर्धा डबा तसाच ठेवून जेवायला गेली. परत आली तर रंगाचा दगड, त्यात ब्रश उभा. तेवढे पैसे पाण्यात, तेही टाकीत पाणी नसताना. पुढचं सगळं ताडपत्रीच्या सावलीत, थोडं थोडं कालवून. दोन हात झाल्यावर सात दिवस थांबून पाणी भरलं.

दोन पावसाळे झाले, पापुद्रा एकही नाही. एक तारा कापला तो उन्हासाठी. पायऱ्यांवर, जिथे पाणी जेमतेम घोटाभर असतं, तिथे रंग खडूसारखा सुटतो. मुलांचे तळवे निळे होतात आणि मग माझ्या पांढऱ्या चादरीही. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, हे दुकानात कुणी बोललं नव्हतं. पायऱ्यांवर घसरू नये म्हणून रंगात वाळू टाकली होती, तीही जरा जाडच पडली. नातीचा अंगठा सोलवटला.

टाइल्सचा खर्च आत्ता झेपणारा नाही. पुढच्या फेब्रुवारीत फक्त पायऱ्या घासून पुन्हा हाच रंग, पण फिकट, म्हणजे चादरी तरी वाचतील.