करोनरी धमनीवरील फुगवट्याची शस्त्रक्रिया : पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

हृदयाला रक्त पुरवणारी करोनरी धमनी एखाद्या ठिकाणी शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक रुंद झाली, तर डॉक्टर त्याला फुगवटा म्हणतात; माझ्या वडिलांची उजवी धमनी 4 मिलिमीटरची असताना फुगवटा 22 मिलिमीटरचा निघाला. तक्रारही मांडायची असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

शल्यचिकित्सकांनी केसपेपरच्या मागे बॉलपेनने धमनी काढून दाखवली. फुगवट्यात रक्त संथ फिरते, गुठळ्या धरतात आणि त्या पुढे सरकल्या तर हार्ट अटॅक येतो. आवरण असलेला स्टेंट का नको, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी फुगवट्यातूनच निघणाऱ्या एका मोठ्या फांदीवर पेन टेकवले. आवरणाखाली ती फांदी बंद झाली असती. म्हणून फुगवटा उघडून गुठळ्या काढायच्या, दोन्ही बाजूंनी धमनी बांधायची आणि ती फांदी व पुढची धमनी या दोहोंना पायातील शिरेने स्वतंत्र बायपास द्यायचा, असे ठरले. आजार दुर्मीळ असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी दोन दिवस दिले. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

लहानपणी अनेक दिवस ताप, लाल डोळे, बोटांची सालपटे निघणे असे काही झाले होते का, हेही त्यांनी विचारले. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 मध्ये वर्णिलेल्या आजारात मुलांच्या धमन्या अशा फुगतात. आजीला तसे काही आठवले नाही. वडिलांच्या बाबतीत धमनीकाठिण्य (धमनीच्या भिंतीत चरबी साचून ती कडक होणे) हेच कारण धरले गेले.

शस्त्रक्रिया आणि आयसीयूतील देखरेख यांत बोट ठेवायला जागा नव्हती. डिस्चार्ज मात्र निष्काळजीपणे झाला. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या वॉरफेरिन या गोळीच्या सूचना केवळ इंग्रजीत होत्या, आहाराबद्दल त्यांत एक ओळही नव्हती. अंगात ताकद यावी म्हणून आई रोज पालक-मेथी करत राहिली आणि दहाव्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 2 ते 3 हवा असताना 1.3 आला; पालेभाज्यांतील व्हिटॅमिन के या गोळीचा परिणाम कमी करते. त्यानंतर ओपीडीतील एका सिस्टरांनी मराठीत लिहून दिले : गोळी रोज ठरल्या वेळी घ्या, पालेभाजी बंद करू नका पण प्रमाण सारखे ठेवा, हिरड्यांतून रक्त आले किंवा शौचास काळे झाले तर लगेच या.

हा कागद पहिल्याच दिवशी मिळायला हवा होता. तशी लेखी मागणी मी रुग्णालयाकडे केली आहे. शस्त्रक्रियेसाठी मात्र याच डॉक्टरांचे नाव मी कोणालाही निःशंकपणे सांगेन.