क्रूझवरचं खाणंपिणं: नागपूरच्या एका केटररच्या नजरेतून

नागपूरच्या महाल भागात आमचा लग्नकार्याच्या जेवणाचा व्यवसाय आहे, बावीस वर्षं झाली. एका वेळी हजार-बाराशे पानं उठवायची म्हणजे आतल्या बाजूला काय चालतं ते मला माहीत आहे. त्यामुळे जानेवारीत मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ केली, तेव्हा घरचे समुद्र बघत होते आणि माझं लक्ष वाढप्यांच्या हातांकडे होतं. आम्ही पाच जण होतो: चौऱ्याहत्तर वर्षांची आई, मी, बायको, मुलगी आणि मेहुणा.

नागपुरातले बरेच जण आता क्रूझ करतात, पण परत आल्यावर ‘जेवण ठीक होतं’ यापलीकडे कोणी सांगत नाही. मला वाटतं जेवणाबद्दलच जास्त सांगायला हवं. जहाजावर अन्न भरपूर असतं, पण ते तुमच्या सोयीचं व्हावं असं वाटत असेल तर पहिल्याच संध्याकाळी योग्य माणसाला गाठा. आम्ही गाठलं नाही, म्हणून पहिली रात्र वाया गेली.

झालं असं की बुकिंग करताना आईसाठी ‘कांदा-लसूण नको’ असं एजंटकडे लिहून दिलं होतं. ते जहाजापर्यंत पोचलंच नाही. पहिल्या रात्री तिच्यासमोर लसणाची फोडणी दिलेली डाळ आली. ती काही बोलली नाही. दही-भात कालवून खाल्ला आणि उठली. मला मात्र फार लागलं. आमच्या पंगतीत असं झालं असतं तर मी स्वतः हात जोडून उभा राहिलो असतो.

तिथून उठून मी रेस्टॉरंट मॅनेजरकडे गेलो. क्रूझवर मुख्य डायनिंग हॉलमध्ये टेबल ठरलेलं असतं आणि जेवणाच्या दोन वेळा असतात. आमच्या जहाजावर पहिली साडेसहाची, दुसरी नऊची. टेबलावरचा वेटर मनापासून काम करतो, पण स्वयंपाकघरात बदल करवून घ्यायचा तर मॅनेजर किंवा हेड वेटरलाच सांगावं लागतं, तेही आदल्या रात्री, कारण दुसऱ्या दिवशीचं सामान तेव्हाच काढून ठेवतात. जैन, बिनलसणाचं, मधुमेहाचं, शेंगदाण्याची ॲलर्जी, काहीही असो, जहाजावर चढल्या दिवशीच जेवणाआधी तिथे जाऊन नाव आणि केबिन नंबर लिहून द्या. एजंटवर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. सफर बुक करताना ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईची संकष्टी चुकलेली मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. मॅनेजरला हे सांगितलं तर त्यांनी एका शेफला बोलावून घेतलं. मालवणकडचे निघाले. ते सरळ आईसमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “आजी, साबुदाणा नाहीये हो माझ्याकडे. बटाटा चालेल?”

आई म्हणाली, “चालते ना बाबू. जिरं टाक फक्त, तिखट नको.”

सकाळी अकराला केबिनमध्ये ताट आलं. उकडलेले बटाटे हातानं फोडलेले, सुरीनं कापलेले नव्हते. तुपात जिरं तडतडवलेलं, वर शेंगदाण्याचं जाडसर कूट, बाजूला वाटीत दही आणि दोन केळी. हाताने फोडलेल्या बटाट्यात तूप मुरतं, कापलेल्यात वरवर राहतं. हजारो लोकांचं जेवण काढणाऱ्या माणसानं एका ताटासाठी हे ध्यानात ठेवलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

रात्री उपास सोडायला चंद्रोदय हवा. आईनं घरून पंचांगातली नागपूरची वेळ लिहून आणली होती. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे तिकडे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं लवकर दिसतो, हे तिला समजावून सांगितलं. मॅनेजरांनी त्या एका रात्रीपुरतं आम्हाला नऊच्या पंगतीत बसवलं. जहाज दक्षिणेकडे निघालेलं, म्हणजे पूर्व डाव्या हाताला. आम्ही डाव्या बाजूच्या डेकवर उभे राहिलो. वारा एवढा की आईनं पदर दोन्ही हातांनी धरला होता. चंद्र पाण्यातून वर आला तसा लालसर होता, आणि खाली त्याची तुटक तुटक रेघ थेट आमच्यापर्यंत आलेली. “बापा, केवढा हो,” एवढंच ती म्हणाली. खाली गेलो तर टेबलावर साधं वरण, भात, तूप आणि लिंबाची फोड ठेवलेली होती.

आता बफेबद्दल, धंद्यातला माणूस म्हणून. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे, मधल्या तापमानात जंतू वाढतात. या जहाजावर मोठे गंज भरून ठेवलेले नव्हते. उथळ ट्रे होते, अर्धे रिकामे झाले की अख्खा ट्रे बदलत. उरलेल्यावर नवीन ओतणं मला एकदाही दिसलं नाही. कुठल्याही बफेत आधी हेच बघा. गर्दी टाळायची तर उघडताच जा, तेव्हा ट्रे ताजे असतात. बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास टाळा. चढल्या दिवशी दुपारी सगळे बफेवर तुटून पडतात. त्या वेळी मुख्य डायनिंग हॉल उघडा आहे का ते विचारा, बसून शांतपणे जेवता येतं.

हात साबणानं धुवा. दारात सॅनिटायझर घेऊन मुलं उभी असतात ते चांगलंच, पण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा १०० गुणांची तपासणी करते. ८५ किंवा खाली आले तर जहाज नापास, आणि हे गुण कोणालाही बघता येतात. परदेशी क्रूझ करणाऱ्यांनी बुकिंगआधी ते जरूर बघावेत. आपल्याकडेही असं व्हावं, आमच्यासारख्या केटररसाठीसुद्धा.

दारूचं पॅकेज मेहुण्यानं घेतलं आणि त्याला ते महाग पडलं. पॅकेजचे पैसे प्रत्येक दिवसाचे लागतात, पण गोव्याच्या दिवशी माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जहाजाखालीच असतो. आधी बारचं दरपत्रक मागा, दिवसाला आपण किती घेतो ते प्रामाणिकपणे मोजा, मग ठरवा. रोज पाच-सहा ग्लास होत नसतील तर सुटं घेतलेलंच बरं. परदेशी कंपन्यांत आणखी दोन गोष्टी असतात: ड्रिंकवर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळं, आणि बऱ्याच ठिकाणी केबिनमधल्या एकानं पॅकेज घेतलं की दुसऱ्या प्रौढालाही घ्यावंच लागतं. न पिणाऱ्यांनी पाण्याकडे लक्ष द्यावं. बफेतलं मशीनचं पाणी फुकट होतं, केबिनमधल्या बाटलीचे पैसे लागत होते. घरून रिकाम्या बाटल्या न्या. चहा-कॉफीही बफेतली मोफत, कॅफे काउंटरवरची विकत.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. आमच्या बिलात न प्यायलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या लागल्या होत्या. रिसेप्शनवर सांगितल्यावर त्यांनी लगेच काढल्या, पण शेवटच्या रात्री तिथे लांब रांग होती. रोज संध्याकाळी हिशेब बघत चला. टिप आधीच बिलात धरलेली असते, परदेशी जहाजांवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. तरी ज्यानं मनापासून केलं त्याच्या हातात वेगळं द्या. आणि जाताना सेवेबद्दलचा फॉर्म भराल त्यात त्याचं नाव लिहा. नोकरीत त्यांना त्याचा उपयोग होतो असं आमच्या वेटरनं सांगितलं.

घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. चिवडा, संत्रा बर्फी सीलबंद पुड्यात असेल तर आमच्या जहाजावर चाललं. इस्त्री आणि किटली मात्र काढून ठेवतात. बॅगा टर्मिनलवर दिल्या की केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

बोट लागण्याची भीती आम्हा विदर्भातल्यांना जास्त, कारण पाण्याची सवय तलावापुरती. केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या, तिथे डोलणं सगळ्यात कमी. आईला डॉक्टरांनी दिलेली गोळी आम्ही चढण्याआधी तासभर दिली आणि तिला काहीच झालं नाही. मुलीला झालं, कारण ती रिकाम्या पोटी होती. थोडं कोरडं खाऊन, मोबाईल बाजूला ठेवून क्षितिजाकडे बघत बसली की बरं वाटायचं.

जायला दुरांतो उत्तम. सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं दहा मिनिटं. गाडीला उशीर झाला तरी हातात वेळ राहतो. जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही, म्हणून दुपारची गाडी धरून जाऊ नका. उतरल्यावर परतीची दुरांतो रात्रीची, तोवर सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतं.

उतरायच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये मालवणचे शेफ भेटले. आईनं पर्समधून संत्रा बर्फीचा शेवटचा पुडा काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो टोपीत घालून आत नेला.