फुगणारे लाइफ जॅकेट आणि स्वयंसेवकांची तपासणी : एका मोसमाचा अनुभव

हौशी नौकानयन सुरक्षित व्हावे म्हणून काम करणाऱ्या आमच्या स्थानिक स्वयंसेवक गटाकडून मी मोसमभर बोटीची तपासणी करून घेतली आणि त्यांच्या वर्गांनाही बसलो. तरीही हा अभिप्राय बराचसा एकाच वस्तूभोवती फिरणार आहे, ती म्हणजे आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधला गॅसचा सिलिंडर.

मोसमाच्या आरंभी झालेल्या तपासणीबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते. अग्निशामक, शिट्टी, दिवे, चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी अशी यादी वाचली गेली आणि जॅकेटपुढे बरोबरची खूण झाली ती माणशी एक आहे व मापाचे आहे एवढ्यावरच. तपासणी विनामूल्य असते आणि दंड करण्याचा अधिकार या मंडळींना नाही, त्यामुळे तक्रार करावी असे काही नव्हते. पण नुसत्या खुणांसाठी अख्खी सकाळ घालवणे मला पटले नव्हते.

हे मत मोसमाच्या मध्यावर पार बदलले. त्या वेळी आलेल्या स्वयंसेविकाबाईंनी जॅकेटचे आवरण उघडले, सिलिंडर चिमटीत धरला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून पाहिला, तर तो दोन आटे सहज आत गेला. जॅकेटवरच्या छोट्या खिडकीतली खूण मात्र हिरवीच होती. जॅकेट आपोआप फुगवणाऱ्या यंत्रणेतली गोळी पाण्यात विरघळली की स्प्रिंग सुटते आणि तिच्या जोराने टोकदार सुई सिलिंडरचे तोंड फोडते. सिलिंडर सैल असेल तर सुई तोंडापर्यंत पुरेशी पोहोचत नाही, किंवा तोंड फुटले तरी गॅस फुग्यात जाण्याऐवजी बाजूने निसटतो. आमच्या जॅकेटवरची हिरवी खूण यंत्रणा अजून सुटलेली नाही एवढेच सांगते, सिलिंडर घट्ट बसला आहे की नाही हे सांगत नाही. जिवावर बेतणाऱ्या वस्तूत असा अर्धवट दिलासा देणारी खूण ठेवावी, याचा मला अजूनही राग येतो. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही. त्या अवस्थेत माणूस तोंडाने जॅकेट फुगवत बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

विक्रेत्याकडे चौकशी केली, तर ‘हिरवे दिसते ना, मग ठीक आहे’ हे उत्तर मिळाले आणि फार आग्रह धरल्यावर नवीन जॅकेट घेण्याचा सल्ला. धडधाकट वस्तू टाकून देणे माझ्या स्वभावात नाही. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर तसेच ठेवायला सांगितले. सकाळी ते तितकेच टणक होते. हवा काढताना तोंडाने फुगवायच्या नळीचे टोपण उलटे करून झडपेवर दाबायचे असते, हेही त्यांनीच दाखवले. मग सिलिंडर काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. १५० न्यूटनच्या (न्यूटन हे तरंगवणाऱ्या जोराचे माप) जॅकेटमध्ये साधारणपणे ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो आणि गॅससह एकूण वजन सिलिंडरवर कोरलेले असते, ते जुळले. गोळीची मुदत तेवढी संपत आली होती, म्हणून फक्त तो भाग बदलला. नव्या जॅकेटचा खर्च वाचला, आणि आता बोटीवर चढण्यापूर्वी प्रत्येक जण आपापला सिलिंडर फिरवून पाहतो.

तरी गटाकडून एक अपेक्षा राहिली आहे. जांघेतून घ्यायचा पट्टा बांधला नाही, तर फुगलेले जॅकेट वर सरकून हनुवटीखाली येते आणि तोंड पाण्याबाहेर राहण्याची खात्री उरत नाही. हे वर्गात फळ्यावर शिकवतात, पाण्यात उतरवून दाखवत नाहीत. तलावात प्रात्यक्षिक ठेवावे आणि तपासणीच्या अर्जात सिलिंडरसाठी वेगळी ओळ असावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. अर्जातली ओळ लगेच मान्य झाली. प्रात्यक्षिकासाठी जागा शोधणे चालू आहे.