गेमिंग लॅपटॉपला टीव्ही जोडावा की मॉनिटर घ्यावा? खानदेशातल्या घरासाठी हिशेब

पुण्याला, नाशिकला शिकणारी पोरं सुट्टीत जळगाव-धुळ्याकडे येतात तेव्हा बॅगेत गेमिंग लॅपटॉप असतो आणि घरच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही. एक एचडीएमआय केबल आणली की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. काही घरांत ते खरंच होतं. काही घरांत मात्र माउस हलवल्यावर बंदूक उशिरा वळते, अक्षरांना रंगीत कडा दिसतात आणि दोन दिवसांत सगळं गुंडाळलं जातं.

माझं मत आधीच सांगतो. टेबलाशी बसून माउस-कीबोर्डवर खेळायचं आणि त्याच पडद्यावर अभ्यास, कोडिंग, प्रोजेक्टही करायचा असेल तर मॉनिटर घ्या. घरात बरा टीव्ही असेल आणि कंट्रोलर हातात घेऊन गाड्यांचे, फुटबॉलचे किंवा गोष्टीचे गेम खेळायचे असतील, तर फक्त केबल घ्या. निव्वळ गेमसाठी नवा टीव्ही घेणं मला पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोह वाढला आहे हे मान्य. पण ज्या पैशात साधा ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मोठा टीव्ही येतो, त्यापेक्षा कमी पैशात १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर मिळतो.

काहीही विकत घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट बघा. सगळी एचडीएमआय पोर्टं सारखी दिसतात, पण सारखी नसतात. पोर्ट १.४ आवृत्तीचं असेल तर ४के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि ते खेळण्याच्या लायकीचं नसतं. २.० वर ४के ६० हर्ट्झला आणि १४४०पी (२५६० बाय १४४० ठिपके) १४४ हर्ट्झला चालतं. ४के १२० हर्ट्झला हवं तर लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे २.१ लागतं. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड नवं असूनही पोर्ट जुन्या प्रतीचं दिलेलं आढळतं. कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलचा नेमका नंबर टाकून हे तपासा, दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. टाइप-सीचंही तसंच आहे. प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर येत नाही, त्याला डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते.

दुसरी गोष्ट फार कमी जण बघतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाने तयार केलेली फ्रेम, म्हणजे गेमचं एकेक चित्र, प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून लॅपटॉपच्या पडद्यावर येते, आणि त्या फेऱ्यात वेग थोडा घटतो. एचडीएमआय पोर्ट मात्र अनेकदा थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. म्हणजे बाहेरचा पडदा लावल्यावर तोच गेम थोडा जास्त फ्रेम देऊ शकतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये फिज-एक्सच्या पानावर कोणता पडदा कोणत्या कार्डाला लागलाय याचं चित्रच दिसतं. ते उघडून बघा. हा फायदा टीव्ही आणि मॉनिटर दोघांनाही मिळतो, पण पडदा ६० हर्ट्झचा असेल तर वाढलेल्या फ्रेम दिसणार तरी कुठे?

टीव्ही कुठे मार खातो

टीव्ही क्रिकेट आणि मालिका सुंदर दिसाव्यात म्हणून बनवलेला असतो. आलेलं चित्र तो थांबवून गुळगुळीत करतो, रंग चढवतो आणि मग दाखवतो. या उशिरालाच इनपुट लॅग म्हणतात. साध्या पिक्चर मोडमध्ये तो ५० ते १०० मिलिसेकंदांपर्यंत, कधी त्याहून जास्त जातो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही कळ दाबल्यावर तीन ते सहा फ्रेम उलटून जातात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या बंदुकीच्या गेममध्ये तेवढ्यात समोरच्याने गोळी झाडलेली असते.

यावर इलाज आहे, आणि तो फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. चांगल्या टीव्हीवर लॅग १० ते २० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मग इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव ‘पीसी’ ठेवा. काही कंपन्यांच्या टीव्हीत एवढ्यानेच अक्षरांच्या रंगीत कडा जातात, कारण टीव्ही रंगाची माहिती अर्धवट घेणं बंद करतो. टास्कबारची कड पडद्याबाहेर जात असेल तर आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी सापडेल. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी ‘फुल’ की ‘लिमिटेड’ हे टीव्हीशी जुळवा.

हे सगळं करूनही ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असेल तर वाचायच्या कामाला तो टेबलावर घेऊ नका. १३६६ बाय ७६८ ठिपके ३२ इंचांत पसरले की एका इंचात जेमतेम ४९ बसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये साधारण ९२ असतात, २७ इंची १४४०पी मध्ये १०९. ४३ इंची ४के टीव्ही इथे खरोखर चांगला ठरतो, इंचाला शंभरच्या वर ठिपके. पण तो पाऊण मीटरवर ठेवून बसलात तर कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते.

४केबद्दल अजून एक. त्यात ८३ लाखांच्या जवळपास ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. ४ जीबीचं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० कार्ड नव्या मोठ्या गेममध्ये हा भार पेलत नाही. गेम १०८०पी वर ठेवावा लागतो आणि ते कमी ठिपक्यांचं चित्र टीव्ही ताणून दाखवतो. सोफ्यावरून ते चालून जातं, जवळून नाही.

ऊन, लाईट आणि शोकेस

टीव्ही जोडला की लॅपटॉपची जागा केबल ठरवते. भिंतीवरच्या टीव्हीखालच्या शोकेसच्या कप्प्यात लॅपटॉप सरकवून दिलेला मी बऱ्याच घरांत पाहिलाय, आणि दर वेळी तो बाहेर काढायला सांगतो. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांना शिवतो. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. बंद कप्प्यात आपलीच गरम हवा ओढून कार्ड स्वतःचा वेग कमी करतं. झाकणही मिटू नका, अनेक गेमिंग लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात. मॉनिटर असेल तर लॅपटॉप बाजूला स्टँडवर, पंख्याच्या वाऱ्यात उघडा राहतो. कूलरच्या थेट झोताखाली मात्र नको, त्या हवेत ओल असते.

लाईट गेल्यावरचा फरकही मोठा आहे. २४ इंची मॉनिटर साधारण २० ते ३० वॅट घेतो, ४३ इंची टीव्ही ८०-१०० च्या घरात. इन्व्हर्टरवर पंखे, राउटर आणि २०० वॅटपर्यंत ओढणारा लॅपटॉप आधीच असताना हे ७० वॅट जाणवतात. लाईट ये-जा करताना मॉनिटर काही सेकंदांत परत उजळतो. स्मार्ट टीव्ही मात्र पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. लॅपटॉप बॅटरीवर गेला की कार्डाची ताकद उतरते ती वेगळी.

शिवाय हॉलमधला टीव्ही आबांच्या बातम्यांचा आणि आईच्या मालिकांचा असतो. रात्री नऊला तो मागून घेणं रोज जमत नाही. आवाजात मात्र टीव्ही सरस, पुष्कळ मॉनिटरना स्पीकरच नसतो. तेव्हा हेडफोनचा खर्च धरून चाला.

वायफायवरून टीव्हीवर पडदा पाठवण्याचा विचार गेमसाठी सोडून द्या. केबल तीन मीटरच्या आत ठेवा. ४के ६० साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४के १२० साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं वेष्टनावर छापलेली घ्या.

मॉनिटर घ्यायचं ठरलं तर फुल एचडीला २४ इंच पुरे. २७ इंची घ्यायचा तर १४४०पी घ्या, तेही कार्ड आरटीएक्स ४०६० किंवा त्याच्या वरचं असेल तरच. जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या दुकानात जाताना लॅपटॉप आणि चार्जर सोबत न्या. जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा, मग डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. तिथे बरेचदा ६० च निवडलेला असतो आणि लोक महिनोन्महिने तसेच खेळतात. यादीत १४४ दिसला, निवडल्यावर चित्र टिकलं, काळ्या पडद्यावर एखादा पेटलेला ठिपका सापडला नाही, की मग पैसे द्या. खोका आणि आतलं थर्मोकोल जपून ठेवा. कॉलेज सुरू झाल्यावर ट्रॅव्हल्सने पुण्याला न्यायचा असेल तर मॉनिटर त्याच खोक्यात, उभा ठेवूनच न्या.