पार्ल्याच्या गाडीवरचं सँडविच: आधी सादा मागा

पार्ले पूर्वेला कॉलेजं सुटली की सँडविचच्या गाड्यांभोवती दाटी होते. त्यातली गल्लीच्या तोंडावरची ही एक गाडी. पाटीवर पंचवीसेक नावं आहेत, चीज चिलीपासून पनीर टिक्क्यापर्यंत. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या पाटीकडे न बघता ‘एक सादा’ सांगावं. गाडीवाल्याचा हात कळतो तो सादा सँडविचमध्ये. चीजखाली काहीही झाकलं जातं.

ब्रेड मोठ्या चौकोनी लोफचा आणि आदल्या दिवशीचा. हे मुद्दाम असतं, कारण अगदी ताजा ब्रेड सुरीखाली दबतो आणि बटर फासताना फाटतो. बटर पार काठापर्यंत लागतं, त्यावर चटणी. हा क्रम महत्त्वाचा. बटरच्या थरामुळे काकडी-टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. घाईत मधल्या भागातच बटर फिरवलं तर कोपरे ओले होऊन गळतात, आणि शेजारच्या काही गाड्यांवर नेमकं तेच होतं. इथे खालच्या स्लाइसवर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मग बीट, काकडी, कांदा आणि सगळ्यात वर टोमॅटो. बटाटा पूर्ण गार झालेला असतो. गरम बटाट्याच्या पातळ चकत्या पडत नाहीत, भुगा होतो. मसाला शेवटी एकदाच न टाकता प्रत्येक थरावर चिमूटभर भुरभुरतात, त्यामुळे एक घास अळणी आणि दुसरा खारट असं होत नाही. मसाल्यात जिरं, बडीशेप, काळं मीठ आणि आमचूर ठळक लागतात, दालचिनी मागून येते. मग कडा कापून आडवा एक आणि उभे दोन काप, म्हणजे सहा तुकडे. शेवटचा तुकडा उचलेपर्यंत थर सरकत नाहीत.

चटणी कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं आणि लिंबाची. दाटपणासाठी डाळं. दुपारी चार-पाचला ती हिरवीगार असते. रात्री नऊनंतर रंग काळपट होतो आणि पुदिना कडवट लागायला लागतो. पावसाळ्यात कोथिंबीर महागली की चटणी पातळ होते, तेव्हा ‘चटणी कमी’ सांगितलेलं बरं.

टोस्ट मागायचा तर मसाला टोस्ट. आत हळद-मोहरीची बटाट्याची भाजी, मटार, सिमला मिरची. लांब दांड्याच्या ॲल्युमिनियमच्या साच्याला बटर लावून तो थेट आचेवर धरतात, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. गर्दी वाढली की आच मोठी होते, मग बाहेर करपतं आणि आतली भाजी कोमट राहते. अशा वेळी ‘मंद आचेवर, कडक’ एवढं सांगावं, ऐकतात. कच्च्या भाज्यांच्या साध्या टोस्टमध्ये टोमॅटो नको म्हणा. त्याची वाफ आतल्या आत कोंडते आणि ब्रेड लगदा होतो.

चीज ग्रिलचे पैसे वसूल होत नाहीत. २५ ग्रॅमचा एक क्यूब किसून पडतो, त्यातला निम्मा वरच सजावटीला. प्रोसेस्ड चीज मऊ होतं, पण त्याला तार सुटत नाही, त्यामुळे फोटोवर जाऊ नका. शिवाय विजेच्या ग्रिलमध्ये सँडविच दाबलं जातं, काकडीचं पाणी सुटतं आणि रेघा सोडल्या तर हाती काही लागत नाही. वर शेव आणि केचपचा मारा होतो तो वेगळाच. शेव हवीच असेल तर बाजूला मागा.

पार्सल न्यायचं तर सादाच. टोस्ट फॉइलमध्ये गुंडाळला की पाच मिनिटांत स्वतःच्या वाफेने मऊ पडतो. न्यावाच लागला तर फॉइलऐवजी कागदात, तोंड उघडं ठेवून द्यायला सांगा.

जैन मिळतं, बटाट्याच्या जागी कच्ची केळी. मात्र ऑर्डर देतानाच सांगावं लागतं, कारण सुरी आणि फळी एकच आहे आणि ती आधी धुवायला लावावी लागते. न सांगता धुतली जाईल या भरवशावर राहू नये. प्यायच्या पाण्याची सोय नाही, बसायला जागा नाही, हात पुसायला कागदाचा चौकोन मिळतो तेवढाच. संध्याकाळी सहा ते आठ टोस्टला पंधरा मिनिटं सहज जातात, सादा मात्र उभ्याउभ्या हातात पडतो.